'हिस्पॅनिक' आणि 'लॅटिनो' मराठीत एकच मानायचे का?

अनुवादिका: अमेरिकेच्या निवडणुकीवरच्या मराठी बातम्यांत हे दोन शब्द एकाच परिच्छेदात आलटूनपालटून येतात. माझ्या मते ही सरळ चूक आहे. रोमन लोक आयबेरियन द्वीपकल्पाला हिस्पानिया म्हणत, त्यावरून हिस्पॅनिक. म्हणजे ज्यांचा वारसा स्पेनशी, स्पॅनिश भाषेशी जोडलेला आहे ते. लॅटिनो हा शब्द भूगोल सांगतो, मूळ लॅटिन अमेरिकेतलं. माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलोची पोर्तुगीज बोलणारी बाई लॅटिना, पण हिस्पॅनिक नाही. एवढा फरक आपण पाळायलाच हवा.

कोल्हापूरकर: ताई, तिथलं सरकारच पाळत नाही! १९७७च्या सरकारी वर्गवारीत फक्त 'हिस्पॅनिक' होतं, १९९७मध्ये 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' असा एकच गट केला. २०२०च्या जनगणनेत त्या गटात ६ कोटी २१ लाख लोक मोजले गेले. बातमीदाराने त्यांची फोड कशी करायची?

अनुवादिका: आकडा देताना गटाचं पूर्ण नाव द्या, हरकत नाही. पण एखाद्या माणसाबद्दल लिहिताना हाताला येईल तो शब्द लावू नका.

कोल्हापूरकर: मग तुमच्याच ब्राझीलचं बघा. सरकारी व्याख्येत ब्राझीलचे लोक बसत नाहीत. कुणी त्या गटावर खूण करून 'ब्राझिलियन' लिहिलं तर जनगणना कार्यालय उत्तर बदलून घेतं. २०२०च्या एका मोठ्या सर्वेक्षणात ही दुरुस्ती चुकून राहिली आणि निदान ४ लाख १६ हजार ब्राझिलियन त्या गटात मोजले गेले. आदल्या वर्षी ते जेमतेम १४ हजार होते. इतक्या लोकांनी स्वतःहून ती खूण केली होती. त्यांना तुम्ही व्याख्या दाखवणार?

टेक्सासहून: मी इथे पंधरा वर्षं राहते. माझी शेजारीण दोन्ही शब्द वापरत नाही, 'मेक्सिकन' म्हणते. प्वेर्तो रिकोची मैत्रीण स्वतःला 'बोरिक्वा' म्हणवते. तिच्या बेटाचं, तिथल्या मूळ रहिवासी ताइनो लोकांच्या भाषेतलं जुनं नाव बोरिकेन, त्यावरून. आणि 'चिकानो'चं भाषांतर कृपा करून 'मेक्सिकन' असं करू नका. तो आधी हिणवायचा शब्द होता. १९६०च्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी तो अभिमानाने उचलला. १९६८मध्ये पूर्व लॉस एंजेलिसची हजारो मुलं चांगलं शिक्षण मागत वर्गांतून बाहेर पडली, ती याच चळवळीत. शब्द बदलला की तो लढाही पुसला जातो.

भाषाप्रेमी: 'लॅटिनेक्स' हा स्त्री-पुरुष भेद न करणारा शब्द मात्र नको. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२४च्या सर्वेक्षणात तिथल्या हिस्पॅनिक किंवा लॅटिनो प्रौढांपैकी जेमतेम ४ टक्के तो स्वतःसाठी वापरत होते.

टेक्सासहून: त्या चार टक्क्यांत स्वतःला ना 'लॅटिनो' ना 'लॅटिना' म्हणता येणारी माणसंही आहेत. त्यांच्याबद्दल लिहाल तेव्हा तोच वापरा, बाकीच्यांवर लादू नका.

अनुवादिका: पटलं. 'चिकानो', 'बोरिक्वा' यापुढे तसेच ठेवीन. ब्राझीलबाबत मात्र अजून अडते आहे. त्या चार लाखांनी खूण केली ती जोडशब्दावर. त्यातल्या 'लॅटिनो'साठी केली असेल, तर दोन शब्दांतल्या फरकाचं माझं पहिलं म्हणणं अजून उभं आहे.