मदत हवी आहे : कचरा उचललाच नाही, तरी तक्रार 'निकाली'

आमच्या गल्लीतला ओला कचरा वेळेवर उचलला जात नाही. सुका एकवेळ थांबेल, ओला कसा थांबणार? उकाड्यात माशीच्या अंड्यापासून उडणारी माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणजे आठवड्याची एक फेरी चुकली की डब्यातच माश्यांची नवी पिढी तयार. शिवाय तळाशी साचणारं काळं पाणी झाकण लावूनही बाहेर पाझरतं. शेजारच्या आजी दार उघडत नाहीत आता, फार वाईट वाटतं.

नगरपालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार केली की थोड्याच वेळात 'निराकरण झाले' असा मेसेज येतो. डबा तसाच भरलेला! फोन केला तर ठेकेदाराकडे बोट. सफाई कामगारांवर राग नाही, त्यांना गाडीच कमी मिळते असं ते सांगतात.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायला कोणी लावली आहे का? वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी की सगळ्या घरांच्या सह्यांचं निवेदन द्यावं? गाडीच्या फेऱ्यांची नोंद माहिती अधिकारात मिळते का? तारीख-वेळ दिसणारे फोटो आहेत. ज्यांच्याकडे खरंच फरक पडला त्यांनी कृपया सविस्तर लिहा.