मदत हवी आहे : जॅझ ते फंक, मधली कडी सापडत नाही

जॅझ क्रमाने ऐकायला घेतलंय. लुई आर्मस्ट्राँगची १९२५-२८ मधली हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडसोबतची रेकॉर्डिंग्ज झाली (खरखर आहे, पण ट्रम्पेट अंगावर येतो!), मग माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू'. तिथून थेट हर्बी हँकॉकच्या १९७३ च्या 'हेड हंटर्स'वर उडी मारली आणि गडबडलो. माणूस माइल्सच्याच नंतरच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा, पण ताल पार वेगळा, फंकचा. फंक गायक जेम्स ब्राउनचं 'कोल्ड स्वेट' (१९६७) ऐकल्यावर थोडा उजेड पडला: पहिल्या मात्रेवर असा जोर, की तबलेवाल्याला समच आठवावी. माइल्सचाच 'बिचेस ब्रू' दोनदा लावला, दोन्ही वेळा अर्ध्यात सोडला.

ड्रमर आर्ट ब्लेकीचा 'मोनिन' आवडला, म्हणजे ब्लूज-गॉस्पेलच्या अंगाचं चालतं. 'बेस्ट ऑफ' संकलनं नकोत, पूर्ण अल्बम हवेत. ऐकणं स्ट्रीमिंगवरच, त्यामुळे दुर्मीळ रेकॉर्ड सुचवून उपयोग नाही. पुस्तकं, माहितीपटही सध्या नकोत.

१९६० ते १९७२ मधले असे चार-पाच अल्बम कोणते, ज्यांत स्विंगचा (जॅझच्या झुलत्या लयीचा) फंक होताना कानाला कळतो? आणि कोणत्या क्रमाने ऐकू?