‘उपजत’ कधीपर्यंत उपजत?

तेरणाकाठ :
मदत हवी आहे. मुलांच्या अंकासाठी मधमाश्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. फुलोरा कुठं आहे ते माशी पोळ्यात नाचून सांगते, कार्ल फॉन फ्रिश यांनी तो नाच उलगडला, 1973 चं नोबेल त्यांना लॉरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं, इथपर्यंत अडचण नव्हती. पुढं मी लिहिलं, ‘हा नाच उपजत असतो, पण पुरता उपजत नसतो.’ तपासणाऱ्या सरांनी दोन्ही ‘उपजत’ खोडून ‘सहजप्रेरित’ केलं. त्यांचं म्हणणं, उपजत म्हणजे उपजतानाच असलेलं. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यातच राबते, मग बाहेर पडते आणि त्यानंतर नाचते. मग ते उपजत कसं? मुद्दा पटतोय आणि शब्द सोडवत नाही. आमची आजी ‘अंगचं’ म्हणायची. तुमच्याकडं काय म्हणतात?

गोदातीर :
सरांचं बरोबर आहे. उपजणे म्हणजे जन्मणे. ज्ञानेश्वरीतलं ‘उपजे तें नाशे’ आठवा. तीन आठवड्यांनी दिसणाऱ्या गोष्टीला उपजत म्हणायचं तर शब्दाला अर्थच उरत नाही. सहजप्रेरणा हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकांत रुळला आहे, तोच ठेवा.

बालाघाटी :
‘सहज’ फोडून बघा. सह आणि ज, सोबत जन्मलेलं! सरांचा आक्षेप त्यांच्याच शब्दाला लागतो. शिवाय आज ‘सहज आलो होतो’ म्हटलं की काही काम नव्हतं, एवढंच कळतं. आठवीतलं लेकरू ‘सहजप्रेरित नाच’ वाचून माशी उगीच नाचली असं समजेल. आणि उपजत गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे हा आग्रह कशाला? मिशी पाळण्यात नसते, म्हणून ती फुटायला कुणी शिकवतं का? कोकीळ घ्या. अंडं कावळ्याच्या घरट्यात, चारा कावळीच्या चोचीतून, रात्रंदिवस कानावर काव-काव, आणि मोठा झाला की नर गळा काढतो तो ‘कुहू’च. ते ‘कुहू’ही उपजल्या दिवशी नव्हतं.

गोदातीर :
मिशी ही वागणूक नव्हे. आणि गोठ्यात काय म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. ‘वासरू उपजतच मेलं.’ तिथं जन्माची घटकाच असते, पुढचा एक दिवसही नाही.

तेरणाकाठ :
‘पुरता उपजत नाही’ असं का लिहिलं ते सांगते. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. नुसत्या कोवळ्या माश्यांची पोळी केली, नाचाची जाणती माशी एकही ठेवली नाही. वय झालं तशा त्या नाचल्या, पण दिशा चुकली आणि अंतरही. सरावानं दिशा बरीच सुधारली. अंतर सांगण्यातला फरक मात्र जन्मभर राहिला. ज्यांना आधी जाणत्यांचा नाच मिळाला होता, त्यांचा पहिला नाचसुद्धा नेटका होता. म्हणजे नाचणं अंगचं आणि नेटकेपण दुसऱ्याकडून. ‘बघून’ लिहिणार होते, पण पोळ्यात अंधार असतो. त्या नाचणारीच्या मागं मागं फिरतात, तिला स्पर्शिकांनी चाचपतात. या दोन्हींना मिळून एखादा शब्द आहे का?

जुनं औत :
आहे की, ‘वळण’.

वडिलांनी देवणी जातीचा एक गोऱ्हा घरीच वाढवला होता. त्याला पहिल्यांदा औताला धरलं तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. जू खांद्यावर आलं की ओढायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही, उलट आवरावं लागलं. घोळ व्हायचा धुऱ्यापाशी. तास संपला तरी हा सरळ शेजाऱ्याच्या तुरीत. मग वडिलांनी त्याला म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला घातलं. धुरा दोन हातांवर आला की म्हातारा आपणच पाऊल आखडायचा, मान आत घ्यायचा आणि जू फिरायचं. मी कासरा ओढायला धावलो तर वडील म्हणाले, “तू कशाला शिकवूलालास? त्यो शिकवूलालाय की.” पंधरा दिवसांत गोऱ्हा कासऱ्याच्या आधी वळायला लागला. ‘अंगवळणी पडणं’ तिथूनच आलंय, माझी खात्री आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.

बालाघाटी :
वाचून आमचं शेत डोळ्यापुढं आलं. पण वळण एकट्या औताचं कसं? अक्षराला असतं, वाटेला असतं, पाण्याला असतं. म्हण मात्र नेमकी दिलीत. वाण म्हणजे जात. बियाण्याच्या दुकानात ‘तुरीचा कोणता वाण?’ विचारतो, तोच हा. जात तीच राहिली, गुण तेवढा लागला.

गोदातीर :
नाही. वाण आला वर्णावरून, म्हणजे रंग. नावंच बघा ना. ढवळा म्हणजे पांढरा, पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा. अंगाला अंग घासून रंग लागेल असं निदान मनात तरी येतं. जात लागेल हे कुणाच्या मनातही येणार नाही. मग ‘वाण नाही’ असं मुद्दाम सांगायचं कारणच काय?

बालाघाटी :
म्हण केली त्या काळी रंग असेल. आज शेतकरी जात म्हणूनच ऐकतो आणि जातच समजतो. आजचा अर्थ चूक कसा?

मांजराकाठ :
देवणीत रंगावरून तीन प्रकार धरतात, वानेरा, बालंक्या आणि शेवरा. जात एक, रंग तीन. ‘वानेरा’ हा वाणावरूनच आला असावा. म्हणजे गोठ्यातही वाण म्हणजे रंगच.

तेरणाकाठ :
वाण थोडा बाजूला ठेवूया का? ‘उपजत’ ठेवू की ‘अंगचा’ करू? अंक परवा छपाईला जातोय.

जुनं औत :
वानेरा वाणावरून नव्हे. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, वानराचं तोंड काळं असतं तशा, म्हणून वानेरा. आमचा गोऱ्हा वानेराच होता आणि म्हातारा शेवरा, अंगभर काळे ठिपके. सहा वर्षं एका जुवाखाली चालले, ह्याच्या अंगावर एक ठिपका उठला नाही. तेव्हा म्हणीतला वाण रंगाचा, हे गोदातीर यांचं मला मान्य आहे. पुढं हाळी हंडरगुळीच्या बाजारात वानेरा विकायला नेला. गिऱ्हाइकानं आधी दात बघितले, मग तोंडावरचा काळेपणा बघितला आणि दावं हातात घेऊन विचारलं, “कुणाच्या जोडीला चाललाय ह्यो?”