बाबांच्या सत्काराचं भाषण : कंबशनमधलं कळणारं कोणी आहे का? शनिवारी कार्यक्रम आहे

सुरसागरकाठची :
घाईत लिहितेय. बाबा मेकॅनिकलचे प्रोफेसर, या महिन्यात रिटायर होतायत, आयुष्यभर कंबशनवर (ज्वलनावर) रिसर्च केला. शनिवारी दांडिया बाजारात सत्कार आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. मी सीए, यातलं ओ का ठो कळत नाही आणि बाबांना विचारलं तर "अगं जाळायचो आणि मोजायचो" एवढंच म्हणतात. वह्या चाळल्या तर एका पानावर लाल पेनने लिहिलंय "एन ०.७ च्या वर, हे मिक्स बंद", खाली दोन रेघा. एन म्हणजे काय? यावर पाच मिनिटं बोलता येईल का? प्लीज लवकर सांगा.

मांडवीकर :
कंबशन म्हणजे कुठलं? डिझेल इंजिन, बॉयलर, गॅस टर्बाइन, रॉकेट? रॉकेट असेल तर सॉलिड की लिक्विड? एवढं तरी लिहा हो.

जुना_बडोदेकर :
ताई, आकडे कोणी ऐकत नाही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तिथून सुरुवात करा, मग बाबांचे पीएचडीचे विद्यार्थी कुठे कुठे आहेत ते सांगा. आणि शाल आधीच आणून ठेवा, आमच्या वेळी ऐनवेळी धावपळ झाली होती.

सुरसागरकाठची :
काका, बाबा कलाभवनात नव्हते. शाल आणलीय. मांडवीकर, मला वाटलं एनवरून कळेल. वहीत "स्ट्रँड", "नायट्रोजन ७० बार", "तार २ उशिरा तुटली" असं पानंच्या पानं आहे.

मांडवीकर :
मग सॉलिड प्रॉपेलंट, म्हणजे रॉकेटचं घन इंधन, हे आधी सांगायचं ना! अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची पावडर आणि रबरासारखा बाइंडर मिसळून पेन्सिलीएवढी कांडी करतात, तिला स्ट्रँड म्हणतात. बाजूंना लेप देतात म्हणजे ती उदबत्तीसारखी फक्त टोकाकडून जळते. बंद भांड्यात नायट्रोजनचा दाब देऊन पेटवायची, आत ठराविक अंतरावर बारीक तारा ओवलेल्या असतात, ज्योत पोचली की तार तुटते, दोन तारांमधल्या वेळावरून वेग निघतो. दाब वाढला की वेग वाढतो, आणि किती वाढतो ते सांगणारा घातांक म्हणजे एन.

फतेगंज_एरो :
याच्यापेक्षा कंबशन इन्स्टॅबिलिटी सांगा, लोक खिळून बसतील. अपोलोच्या एफ-१ इंजिनात ज्वाला आणि दाब एकमेकांना झोके द्यायला लागले, १९६२ मध्ये टेस्ट स्टँडवर इंजिन गेलं. मग चालू इंजिनाच्या आत मुद्दाम छोटे बॉम्ब फोडून बघायचे की थरथर आपोआप शमते का, आणि इंधन आत फवारणाऱ्या इंजेक्टरवर बॅफल, म्हणजे आडोशाच्या पट्ट्या, बसवून ते सुटलं.

मांडवीकर :
ते लिक्विड इंजिन आहे हो, यांच्या बाबांच्या वहीत कांड्या आहेत! दुसऱ्याचं काम कशाला त्यांच्या नावावर?

फतेगंज_एरो :
नावावर नाही, उदाहरण म्हणून. सॉलिड मोटरमध्येही, म्हणजे घन इंधनाच्या रॉकेटमध्येही, इन्स्टॅबिलिटी येतेच.

सयाजीबाग_वॉकर :
मुलगा बारावीत आहे, त्याला एरोस्पेस घ्यायचंय, मेकॅनिकल करून जाता येतं का?

सुरसागरकाठची :
दादा, नवीन धागा काढा ना प्लीज. मांडवीकर, ०.७ ला बंद का केलं?

मांडवीकर :
मोटरमधला दाब जळणाऱ्या पृष्ठभागाच्या १ भागिले (१ वजा एन) या घातात वाढतो. समजा प्रॉपेलंटला तडा गेला आणि पृष्ठभाग १० टक्के वाढला. एन ०.४ असेल तर दाब साधारण १७ टक्के वाढतो, ०.७ असेल तर ३७ टक्के. १ च्या वर गेलं तर दाब स्थिर राहतच नाही, केसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं कवच, फुटतं. म्हणून नुसतं जोरात जळणारं मिक्स चांगलं नसतं, आणि ते वेळीच बंद करणाऱ्याला मी फार मानतो.

सुरसागरकाठची :
रात्री जेवताना बाबांना हे वाचून दाखवलं. ताट सरकवून त्यांनी कागदाच्या मागे गणित केलं, ३७ च आले, मग तासभर बोलत होते. त्या मिक्सवर त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्याचे आठ महिने गेले होते, त्याला बंद म्हणून सांगायला दोन दिवस धीर झाला नव्हता, म्हणून आधी वहीत लिहिलं. तो विद्यार्थी शनिवारी येतोय. भाषण या एका पानावरच करणार, वही सोबत नेतेय. मांडवीकर, खूप खूप आभार.

जुना_बडोदेकर :
दांडिया बाजारात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, पाहुण्यांना रिक्षाने यायला सांगा.