पहिला क्रमांक न मिळताही वर्षातले सर्वाधिक खप असलेले गाणे?

कर्वेनगरकर: रॅपर एमिनेम आणि गायिका रिहाना यांचे ‘लव्ह द वे यू लाय’ हे गाणे ब्रिटनमध्ये २०१० साली सर्वाधिक खपाचे सुटे गाणे (सिंगल) ठरले; मात्र तेथील साप्ताहिक यादीत ते दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच गेले नाही. काल अमृततुल्यात यावरून आमचा वाद झाला आणि चहा निवला. हे कसे शक्य आहे?

मार्केट यार्ड: साप्ताहिक यादी केवळ त्या आठवड्याचा खप मोजते. आमच्याकडे एखादा गाळा आंब्याच्या हंगामात एकाही दिवशी पहिला येत नाही, पण रोज दुसरा-तिसरा राहतो, आणि पाडव्याला उसळून आठवड्यात रिकामे होणारे गाळे हंगामअखेरच्या बेरजेत त्याच्या मागे पडलेले असतात. या गाण्याचेही तेच झाले.

जुना श्रोता, सदाशिव पेठ: अमेरिकेत मात्र हेच गाणे बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ यादीत सात आठवडे अव्वल होते. त्या यादीत विक्रीबरोबर रेडिओवरील प्रसारणही धरले जाते, तर ब्रिटनची यादी तेव्हा निव्वळ विक्रीवर चालत असे. माझ्या मते खरे श्रेय रिहानाने गायलेल्या ध्रुपदाला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींना जाते. त्याचा मूळ आराखडा गायिका-गीतकार स्कायलर ग्रे हिचा. रॅप न कळणाराही रिहानाचा आवाज गुणगुणतो. आमच्या घरी तर मातोश्रीसुद्धा गुणगुणत असत, अर्थ न विचारता.

कर्वेनगरकर: आभारी आहे. आजचा चहा माझ्याकडून, कारण पैज मी हरलो.