चांगल्या कॅरेक्टरना वाईट भाकीत मिळालं तर ते नेमकं काय करतील?

पडद्यामागची

नमस्कार मंडळी, आमचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून मिळून गोष्ट रचायचा खेळ) फिफ्थ एडिशनचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट, चालू आहे आणि मी डीएम आहे, म्हणजे ती गोष्ट चालवणारी. पार्टीत, म्हणजे प्लेयरच्या कॅरेक्टरांच्या टोळीत, चौघं, सगळे गुड, म्हणजे चांगल्या वृत्तीचे. डिव्होशनची (निष्ठेची) शपथ घेतलेला पॅलाडिन (धर्मयोद्धा) लॉफुल, म्हणजे कायदा मानणारा गुड, क्लेरिक (देवाचा पुजारी) न्यूट्रल, म्हणजे मधला गुड, आणि रोग (चोरट्या कामात तरबेज) आणि बार्ड (गाणारा जादूगार) दोघंही केऑटिक, म्हणजे नियमांना न बांधलेले गुड. त्यांनी मागे डाकूंच्या तावडीतून एक दहा वर्षांची मुलगी सोडवली, इरा नाव तिचं, ती तेव्हापासून पार्टीबरोबरच फिरतेय आणि सगळ्यांचा तिच्यावर जीव जडलाय. आता एका देवळातल्या भविष्यवेत्तीने सांगितलं की हिच्या हातून राजधानीचे दरवाजे उघडतील आणि नगर जळेल. बस एवढंच.

त्यानंतर टेबलावर जे सुरू झालं ते थांबेचना. पॅलाडिन म्हणतो राजाला कळवलंच पाहिजे, लपवणं म्हणजे खोटं बोलणं. रोग म्हणतो आज रात्रीच पोरीला घेऊन सीमेपार पळायचं. बार्ड म्हणतो ती बाई खोटारडी असणार. आणि क्लेरिकचा प्लेयर, जो एरवी सगळ्यात शांत असतो, तो म्हणाला की हजारो लोक मरणार असतील आणि एक जीव गेल्याने ते वाचत असतील तर चांगल्या माणसाने काय करायचं? त्यावर कोणी काही बोललंच नाही, सेशन तिथेच थांबवलं.

मला विचारायचंय की गुड म्हटल्यावर यातलं काय बसतं आणि काय नाही? आणि डीएम म्हणून मी काय करू? भाकीत खरं आहे की नाही हे मी अजून ठरवलेलं नाहीये.

जुनारेंजर

आधी नियमांत काय आहे ते बघ, कारण याचं अर्धं उत्तर तिथेच आहे आणि लोक ते वाचतच नाहीत. ऑग्युरी हा भविष्य विचारायचा स्पेल (मंत्र) फक्त पुढच्या अर्ध्या तासाबद्दल सांगतो, शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही. डिव्हिनेशन सात दिवसांच्या आतल्या गोष्टीबद्दल, आणि तेही एखादं त्रोटक वाक्य, कोड्यासारखी ओळ किंवा शकुन. आणि दोन्हीत स्पष्ट लिहिलंय की परिस्थिती बदलली, म्हणजे आणखी एखादा स्पेल टाकला किंवा एखादा साथीदार आला-गेला, तर निकाल बदलू शकतो आणि स्पेल ते धरत नाही. कम्यून तर थेट देवाला तीन हो-नाही प्रश्न विचारतो, पण तिथेही म्हटलंय की देव सर्वज्ञ असतीलच असं नाही, देवाच्या माहितीबाहेरचं काही विचारलंत तर 'अस्पष्ट' असंही उत्तर येऊ शकतं. म्हणजे या खेळाच्या जगात खुद्द देवाला जे पक्कं माहीत नसेल त्याच्या जोरावर एका लहान मुलीचा जीव घ्यायचा विचार चाललाय! माझ्यासाठी विषय इथेच संपतो.

तुझा क्लेरिक सातव्या लेव्हलचा असेल तर डिव्हिनेशन आहे त्याच्याकडे, नवव्याचा असेल तर कम्यून. त्याला वापरू दे. चांगलं कॅरेक्टर घाबरून निर्णय घेत नाही, आधी चौकशी करतं. भविष्यवेत्तीला हे कोणी दाखवलं, कधी दाखवलं, आधीची किती भाकितं खरी ठरली, तिला कोणी पैसे दिलेत का. बार्डचा संशय अगदी रास्त आहे, फक्त त्याने तो नुसता बोलून न दाखवता तपासावा. झोन ऑफ ट्रुथ क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलपासूनच मिळतो, भविष्यवेत्तीसमोर टाका. त्यात ती मनापासून चुकत असेल तर ते कळणार नाही हे मात्र लक्षात ठेवा, मुद्दाम खोटं बोलतेय का एवढंच कळेल.

अर्धीढाल

क्लेरिकच्या प्रश्नाला एवढ्या लवकर बाजूला नको करायला, तो प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले आणि विदुराने धृतराष्ट्राला सांगितलं की कुळासाठी या एका मुलाचा त्याग कर. विदुर म्हणजे त्या अख्ख्या सभेतला सगळ्यात न्यायी माणूस, तो असं म्हणाला. त्यामुळे तुमचा क्लेरिक काही राक्षस नाहीये. लोक म्हणतात की विदुराचं ऐकलं असतं तर युद्धच झालं नसतं, पण मला हे कधीच पटलेलं नाही. त्या जन्मापासून कुरुक्षेत्रापर्यंत मध्ये कित्येक वर्षं होती. लाक्षागृह झालं तेव्हा त्याला अडवता आलं असतं, द्यूतसभेत द्रौपदीला ओढत आणलं तेव्हा भीष्म-द्रोण उठून उभे राहिले असते तरी पुरलं असतं. पाळण्यातल्या पोराचा त्याग सुचवता येतो पण मोठ्या झालेल्या माणसाचा हात धरवत नाही, यात चांगुलपणा कुठे आला?

आणि उलट बाजूला कंस बघा. देवकीचा आठवा मुलगा तुला मारेल असं ऐकलं आणि त्याने बहिणीची बाळं मारायला सुरुवात केली. भाकीत टाळायला गेला आणि स्वतःच पापाचा घडा भरत गेला. म्हणून माझं मत सरळ आहे: जे अजून केलेलंच नाही त्याची शिक्षा देणारा गुड राहत नाही, मग कारण कितीही मोठं असो. जुन्या थर्ड एडिशनमध्ये पॅलाडिनने जाणूनबुजून एक जरी दुष्ट कृत्य केलं तरी त्याची ताकद जायची, आताच्या नियमात तेवढं कडक नाही, पण शपथ तर आहेच की. डिव्होशनच्या शपथेत प्रामाणिकपणा आहे तशी करुणापण आहे. राजाला सांगायचं असेल तर सांगा, पण मुलीला राजाच्या हवाली करणं ही वेगळी गोष्ट, ही दोन कामं तुमचा पॅलाडिन एकच समजतोय असं वाटतंय.

सातवीपायरी

मला इथे सगळ्यांशी थोडं भांडायचंय. मुलीला मारू नये, कबूल, यावर वादच नाही. पण वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून असं वाटतं की तिला मारलं नाही की काम झालं. त्या नगरात राहणाऱ्या लोकांचं काय? तिथेही इराच्याच वयाची पोरं असतील, फक्त त्यांना तुमच्या टेबलावर नाव नाहीये. रोगसारखं पळून जाणं मला सगळ्यात कमी चांगलं वाटतं, कारण त्यात आपल्या माणसाला वाचवलं आणि बाकीच्यांना नशिबावर सोडलं.

कृष्णाला युद्ध होणार हे माहीत होतं तरी तो शिष्टाईला गेलाच ना, पाच गावं मागितली. यश येणार नाही म्हणून प्रयत्न टाळला नाही. तुमच्या पार्टीने तसंच करावं. भाकितात दरवाजे उघडतील असं आहे, मग ते दरवाजे बघायला जा. पहारा कोणाच्या हातात आहे, शत्रू म्हणजे कोण, तो बाहेर का जमतोय, त्याच्याशी बोलता येईल का. लोकांना बाहेर काढायचा रस्ता आहे का, पाण्याची सोय आहे का आग लागली तर. इथे लॉफुलवाल्याला खरं काम मिळतं, तो शहराच्या अधिकाऱ्यांशी बोलेल. केऑटिकवाले भिंतीखालून चोरवाटा शोधतील, कोण फितूर आहे ते हुडकतील. क्लेरिक दवाखान्याची तयारी करेल. सगळेच गुड, सगळेच त्याच भीतीला उत्तर देतायत, फक्त कोणाकडे जातात ते वेगळं. आणि भाकीत खोटं निघालं तरी यातलं काहीच वाया जात नाही.

पडद्यामागची

सातवीपायरी, हे फार आवडलं, विशेषतः ज्या पोरांना नाव नाहीये ते. मी आता नगरातली दोन-तीन माणसं आधीच भेटवते त्यांना, म्हणजे तिकडचं वजनही जाणवेल. अर्धीढाल, विदुराचं मी आमच्या क्लेरिकला दाखवलं, त्याला बरं वाटलं, कारण त्याला वाटत होतं की सगळे त्यालाच वाईट समजले.

एक प्रश्न अजून राहतोय. इराला सांगायचं का? पार्टीने तिच्यापासून लपवलंय सध्या.

कंदीलवाली

सांगायलाच हवं असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि इतकं सगळं वाचल्यावर मला हेच खटकत होतं की सगळे इराबद्दल बोलतायत, इराशी कोणीच बोलत नाहीये. लपवलेलं भाकीत नेहमी भलत्याच तोंडून कळतं. मग पोरीला वाटणार की ज्यांना आपलं मानलं ते इतके दिवस माझ्याकडे धोका म्हणून बघत होते, आणि तिथूनच कदाचित ती त्या दरवाज्याकडे चालायला लागेल. दहा वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत, चौघांनी मिळून, तिच्या बाजूला बसून सांगावं. आणि सांगताना आधी हे सांगावं की आम्ही तुला सोडणार नाही. मग बाकीचं. तिला राग येऊ दे, रडू दे, प्रश्न विचारू दे, या सीनसाठी फासे टाकायला लावू नकोस.

आता तुझं काम. भाकीत खोटं निघालं असं करू नकोस, प्लेयरनी एवढा जीव टाकून वाद घातलाय तो फुकट जाईल. पण जसं त्यांना वाटतंय तसंही खरं करू नकोस. शब्द तेच ठेव. दरवाजे तिच्या हातून उघडतील, नगर जळेल. कोणासाठी उघडतील हे भविष्यवेत्तीने सांगितलेलंच नाहीये. डेल्फीच्या दैवीवाणीने लिडियाच्या राजाला, क्रीससला, सांगितलं होतं की पर्शियावर चाल केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल, आणि बुडालं ते त्याचं स्वतःचं. आग आतूनच लागलेली असेल, दरवाजे बाहेरून कोणी अडवलेले असतील, तर ते उघडणारी पोर लोकांना वाचवतेय. पण हे तू आत्ताच पक्कं करू नकोस. त्यांनी तिला सांगितलं, तयार केलं, नगरात जाऊन तयारी केली तर ती तशी उघडेल. लपवलं, कोंडलं, राजाच्या तुरुंगात टाकलं तर दुसऱ्या कोणासाठी उघडेल. दोन्ही शेवट तुझ्या वहीत असू देत.

आणि पुढच्या सेशनच्या आधी क्लेरिकच्या प्लेयरला, पॅलाडिनच्या प्लेयरला वेगवेगळं विचार की हा विषय टेबलावर चालतोय ना, लहान मुलाला धोका हा काहींना खूप लागतो. कोणी नको म्हणालं तर इराचं वय वाढव, सोळा-सतरा कर, गोष्टीचं काही बिघडत नाही.

जुनारेंजर

कंदीलवालीला पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर, क्लेरिकने कम्यून टाकलाच तर तिसऱ्या प्रश्नाला 'अस्पष्ट' हे उत्तर राखून ठेव. आणि तो प्रश्न इराने सुचवलेला असेल तर अजून उत्तम.