मदत हवी आहे: काळ्या मातीसाठी जुनी लँड रोव्हर डिफेंडर 110 घ्यावी का? टायर आणि बाकी बदलांबद्दलही सांगा

वणीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात राहतो. पोकलेन आणि टिप्पर कोळसा खाणींत भाड्याने लावलेले असतात, आणि वावर वर्धा नदीच्या अंगाला आहे. सध्या फोर बाय फोर ऑटोमॅटिक फॉर्च्युनर वापरतो. गाडी चांगली आहे, तक्रार नाही. पण पुण्यात ओळखीतल्या एकाची 2022 ची डिफेंडर 110 विकायला निघाली आहे, तीन लिटरचे डिझेल इंजिन, डी 300. धाकट्या भावाने तिचे फोटो पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते तेवढ्या पैशात वावर घ्या. तिच्या म्हणण्यात दम आहे, पण ती चर्चा घरी चालू आहे, इथे नको.

खरी अडचण सांगतो. पक्क्या रोडपासून वावरापर्यंत पांदण आहे. सुरवातीला मुरूम टाकलेला, नाल्याच्या पुढे निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात मारुतीची जुनी गाडीही जाते. जून लागला की फॉर्च्युनर नाल्याच्या अलीकडे उभी करावी लागते. आमची माती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ती टायरच्या नक्षीत भरते, मग टायर टकला होतो. पुढे मडगार्डच्या आत थरावर थर चढतो आणि शेवटी चाकाला फिरायलाच जागा उरत नाही. दोन दिवसांनी तोच थर वाळला की सब्बल घेऊन फोडावा लागते.

दुसरा वापर खाणीच्या बाजूचा. घुग्गुस-राजूरकडची कोळशाची धूळ, खड्डे, रात्रीचे येणे-जाणे. रस्त्यावर रोही (नीलगाय) आणि डुकरं कुठून निघतील नेम नाही. आणि महिन्यातून एक-दोनदा वरोरा-जांबमार्गे नागपूर.

विचारायचे असे की,

डिफेंडर काळ्या मातीत फॉर्च्युनरपेक्षा खरंच पुढे जाते का, की नुसती उंच दिसते? जीपची रँग्लर बघावी का? लँड क्रूझर 300 दोन कोटींच्या वर जाते, मर्सिडीजची जी क्लास त्याहून वर, म्हणून ते दोन्ही विषय राहू द्या. घेतलीच तर भावाला पुढे लोखंडी गार्ड (रोहीसाठी), विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारा पाइप), छतावर लाइटची पट्टी आणि मोठे टायर एवढे सगळे पाहिजे. यातले कामाचे काय आणि मिरवायचे काय?

---

पांदण_पुढे_बंद

गाडी कोणतीही घ्या, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याशी भांडू नका. 😀

---

चाकोरी (पुणे)

वाटसरू, आधी आकडे बघू, बरंच चित्र त्यातच स्पष्ट होईल.

नवीन डिफेंडरला (2019 मध्ये दाखवली, स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनते) जुन्या डिफेंडरसारखी शिडी चासी (बॉडीखालची वेगळी लोखंडी चौकट) नाही. ॲल्युमिनियमची एकसंध बॉडी आणि चारही चाकं स्वतंत्र. हवेचं सस्पेन्शन असेल तर ऑफरोड उंचीत पोट जमिनीपासून 291 मिलिमीटर वर जातं आणि 900 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची कंपनीची मर्यादा आहे. थारची हीच मर्यादा 650 आहे, लँड क्रूझर 300 ची 700.

तुमच्या पांदणीसाठी महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. बैलबंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा राहतो ना, तिथे फॉर्च्युनरच्या मागच्या सलग एक्सलचा (दोन्ही चाकं जोडणाऱ्या एकाच दांड्याचा) मधला गोळा घासतो. रँग्लरला तर पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल. दगडधोंड्यांत तो प्रकार उत्तम, कारण एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. पण चिखलाच्या खोल चाकोरीत तो गोळा नांगरासारखा माती ओढत जातो. डिफेंडर पोट उचलू शकते, म्हणून तिथे ती फॉर्च्युनरच्या पुढे जाईल.

किती पुढे, ते टायर ठरवणार. पुण्यातल्या त्या गाडीला बहुधा 20 इंची रिम असेल, माप 255/60 आर 20 (रुंदी 255 मिलिमीटर, भिंत रुंदीच्या 60 टक्के, रिम 20 इंच). त्यात टायरची भिंत 153 मिलिमीटर. 18 इंची रिमवर 255/70 घेतला तर भिंत साधारण 178 होते आणि चाकाचा बाहेरचा व्यास तोच राहतो, 814 मिलिमीटर. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, कमानीत टायर घासत नाही, आणि हवा कमी करून चालवायला जास्त रबर मिळतं. पण रिम घेण्याआधी पुढची ब्रेक डिस्क मोजा. मोठ्या डिस्कवर प्रत्येक 18 इंची रिम बसत नाही. फोटोवरून ऑर्डर करू नका.

---

वणीचा_वाटसरू

@चाकोरी, हे लय कामाचं सांगितलं राजेहो. गोळा घासतो हे तर आम्ही दर साली पाहतो, कारण आज समजलं.

अजून एक विचारतो. आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर काढल्यावर जे खुंट राहतात ते सुरीसारखे असतात. ट्रॅक्टरचा टायर जातो तिथे गाडीचं काय. ते नेमके टायरच्या बाजूला घुसतात. याला उपाय?

---

चाकोरी (पुणे)

बाजूच्या भिंतीतलं पंक्चर भरवसा ठेवावा असं काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. तळावर असेल तर रबरी वातीचं किट चालतं. म्हणून तर म्हणतो, जाड भिंतीचा टायर घ्या आणि पाचवंही चाक त्याच मापाचं ठेवा. डिफेंडरचं स्टेपनी मागच्या दारावर असतं, म्हणजे चिखलात बसलेल्या गाडीखाली झोपावं लागत नाही. फॉर्च्युनरचं खाली टांगलेलं असतं, तो अनुभव तुम्हाला असेलच.

---

चंद्रपूरचा_कागदवाला

गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणून भावाच्या यादीवर कात्री लावतो. राग मानू नका.

लोखंडी गार्ड आधी काढून टाका यादीतून. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितली आहे. नुसता चलानाचा प्रश्न नाही. बंपरच्या आतला भाग धडकेत चुरून जोर खाण्यासाठी असतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्या हिशेबाने लावलेले असतात. पुढे पाइप बांधला की तो हिशेब मोडतो. रोही अडीचशे किलोचा असू शकते, पाय उंच, धड सरळ बोनेटवरून काचेवर येते. तिथे गार्ड काय करणार? वेग कमी ठेवणे हाच उपाय.

बाकी बदलांचं असं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. कंपनीने जी मूळ रचना नोंदवली आहे ती बदलता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं टायरचं माप, कंपनीच्याच यादीतली ॲक्सेसरी, बिलासकट, एवढ्यात राहिलात तर बोलायला जागा राहते. आणि काहीही लावलं की विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारते.

छतावरची लाइटपट्टी वावरात लावा, रोडवर तिला झाकण पाहिजे. समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला काही दिसत नाही हो, आणि आपल्याकडे अर्धे बाइकवाले बिनालाइटचे.

---

उलंगवाडी

भाऊ, मी पांढरकवड्याकडचा कास्तकार. फोर्स गुरखा चालवतो. पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक्सलची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारं), स्नॉर्कल कंपनीचंच, म्हणजे कागदवाल्या दादांचीही हरकत नाही. तुमच्या बजेटच्या मानाने चिल्लर गाडी. बसायला डिफेंडरची सर नाही, आवाज भरपूर, बायको नागपूरला तिच्यातून यायला तयार नसते.

पण खरं सांगू का? काळ्या मातीत दोन्ही लॉक लावून मी जितका पुढे गेलो तितकाच खोल फसलो. लॉकने चारही चाकं फिरतात, पण चारही चाकं टकली असतील तर फिरून काय फायदा? पावसाची झड चालू असताना वावरात गाडी नेणे हा हट्टच आहे. वापसा आला की नाही ते बघा. मूठभर माती दाबून सोडली आणि ती फुटली तर जा, लाडू राहिला तर घरी बसा. वखराला जो नियम तोच गाडीला. वरून सुकलेली दिसते, खाली लोणी असते, त्यातच नवखे फसतात.

वापशाच्या अलीकडे-पलीकडे जे चार दिवस असतात, तिथे मात्र टायरचा फरक दिसतो. ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचं) टायर आपल्या मातीत भरून जाते. मड टेरेनच्या (खास चिखलाच्या टायरच्या) गाळ्या मोठ्या, चाक जरा जोरात फिरलं की माती फेकते. त्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं लागते, नाहीतर गाडी स्वतःच रेस कापते आणि जिथल्या तिथे मरते. तोटा असा की ओल्या डांबरावर मड टेरेन घसरते आणि जांबच्या पुढे हायवेला भुंग्यासारखी गुणगुणते.

---

सेमिनरी_हिल्स

रँग्लर रुबिकॉन आहे माझ्याकडे, म्हणून त्या बाजूने. 2021 पासून रांजणगावला जोडली जाते, त्यामुळे किंमत डिफेंडरपेक्षा बरीच खाली. 17 इंची रिम, दोन्ही एक्सलना लॉक, पुढचा स्वे बार (दोन्ही बाजूंची चाकं बांधून ठेवणारा दांडा) बटणाने सुटतो, लो रेंज (हळू पण जोरदार चालीचा गिअर) 4:1. यातलं काही बाहेरून बसवावं लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. मेळघाटच्या दगडी नाल्यांत मला दुसरी गाडी नको.

पण भारतात ती पेट्रोलमध्येच मिळते. खाणीच्या कामाचं तुमचं रोजचं रनिंग असेल तर पंपावर रडू येईल. आणि मागे बसलेल्या आईंना पाठदुखी असेल तर एकदा आधी बसवून बघा, त्या पहिल्या खड्ड्यातच निकाल देतील. तुमच्या गरजेत दगड नाहीत, चिखल आणि हायवे आहे. मी स्वतः असतो तर रँग्लर घेतली नसती.

---

वणीचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार. भावाला हा धागा दाखवला. गार्डचा विषय संपला, लाइटपट्टीवर अजून तोंड वाकडं आहे.

स्नॉर्कल आणि विंचबद्दल कोणी बोललं नाही. आणि डिझेलचा एक प्रश्न: माझा बराच वापर पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे, घर ते खाण, खाण ते घर. बीएस 6 (प्रदूषणाच्या नियमांतल्या) डिझेल गाड्यांना त्याने त्रास होतो असं ऐकतो.

---

चाकोरी (पुणे)

होतो. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. छोट्या फेऱ्यांत तेवढं तापमान येतच नाही. दर आठवड्याला वरोऱ्यापर्यंत मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी न्या, फिल्टरचा दिवा लागायची वाट बघू नका. डीईएफ (एक्झॉस्टचं प्रदूषण कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) हेही चांगल्या ब्रँडचं आणि सीलबंदच घ्या, उघड्या कॅनमधलं नको.

स्नॉर्कलने 900 चे 1200 होत नाहीत. कंपनीच्या यादीतही तो पाण्याची मर्यादा वाढवण्यासाठी नाही, हवा वरून, कमी धुळीची घेण्यासाठी आहे. त्यामुळे गंमत अशी की तुमच्या भावाच्या यादीतली नाल्यासाठी मागितलेली वस्तू कोळशाच्या रस्त्यावर कामाला येईल. तरी एअर फिल्टर बदलायचा अंतराल पुस्तकातला धरू नका, त्याआधीच उघडून बघत जा.

आणि मर्यादा 900 आहे म्हणून पुराच्या पाण्यात घालू नका. ती उभ्या पाण्याची आहे. 2022 च्या जुलैत तुमच्याकडे वर्धा आणि पैनगंगेने काय केलं ते तुम्हीच बघितलंय. वाहत्या पाण्यात उंच गाडी आधी तरंगते, मग जाते.

---

उलंगवाडी

विंचवर मी सांगतो. विंचला बांधायला झाड लागते. तुमच्या वावरात धुऱ्यावर बाभळी असतील, मधात काय आहे? पऱ्हाटी. तिला बांधता का?

त्यापेक्षा ओढायचा लवचीक दोर घ्या, दोन कापडी शॅकल (दोर अडकवायच्या कड्या) आणि चाकाखाली घालायच्या दोन पाट्या. ट्रॅक्टरवाले साखळी नाहीतर बंडीचा नाडा आणतात आणि झटका देतात. साखळी तुटली तर काचेतून आत येते. दोर कंपनीच्या रिकव्हरी पॉइंटलाच लावायचा, टो हुकच्या गोळ्याला कधीच नाही. आणि ओढताना पोरं जमतात बघायला, त्यांना आधी लांब हाकला. गाडीत छोटा कंप्रेसर ठेवा. चिखलाआधी हवा 20 पीएसआयच्या आसपास आणायची, डांबर लागलं की आधी भरायची, मग वेग घ्यायचा.

---

चंद्रपूरचा_कागदवाला

पुण्याला जाल तेव्हा सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ सापडते. स्टेपनीच्या मागचे बोल्ट, सीटखालचे वायरिंगचे कप्पे, तिथेही गंज बघा. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने रोड टॅक्स परत भरावा लागत नाही, हा मोठा फायदा आहे. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली तर तो हिशेब आधी मांडा. कर्ज असेल तर बँकेची बोजा उतरवल्याची नोंद आरसीवर चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ओळखीतला असला तरी.

---

सेमिनरी_हिल्स

आणि गाडी रात्रभर ऑफरोड उंचीवर उभी करून ठेवायला सांगा त्यांना. सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर तिथे हवा गळते आहे, म्हणजे एअर स्प्रिंग नाहीतर वॉल्व्ह, आणि त्या पार्टचे पैसे किमतीतून उतरवून घ्या. घरी आणल्यावर दर चिखलानंतर कमानीच्या आतून पाणी मारा, ओली असतानाच. उंचीचे सेन्सर तिथेच असतात. तुमची माती एकदा त्यांच्या दांडीवर वाळली की सब्बल तिथे चालवता येत नाही.

---

वणीचा_वाटसरू

ठरलं असं: पुण्याला जाऊन रात्रभर उभी ठेवून बघणार, डिस्क मोजणार. तोवर फॉर्च्युनरला एक मड टेरेनचा जोड... म्हणजे चारही टायर घालून या पावसाळ्यात नाल्याच्या पुढे किती जाते ते बघतो. त्यात भागलं तर आईचं ऐकीन.

फॉर्च्युनरच्या 18 इंची रिमवर, 265/60 मध्ये, वणी-चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात मड टेरेन कुणाला मिळाला असेल तर दुकान आणि भाव व्यनि करा.